मुलीची फिटसाठी मेंदूची शस्त्रक्रिया, तारीख पितृपक्षातली: देवाधर्माचं आणि दवाखान्याचं कसं जुळवायचं?

भांडुपचे_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, वजन २१ किलो. मेंदूच्या उजव्या फ्रंटल भागात फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया (जन्मापासून नीट न घडलेला छोटा भाग) आहे, ३ टेस्लाच्या एमआरआयवर दिसला. रोज झोपेत पाच-सहा फिट येतात. मान आणि डोळे डावीकडे वळतात, डावा हात ताठ होऊन वर उचलला जातो, तीस-चाळीस सेकंदांत संपतं. ऑक्सकार्बाझेपीन, लेव्हेटिरासेटाम, क्लोबाझाम, फिटची ही तिन्ही औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली. परळच्या रुग्णालयात गणपतीच्या दिवसांत चार दिवसांचा व्हिडिओ ईईजी (कॅमेऱ्यासमोर मेंदूतल्या विजेची नोंद) आहे आणि पितृपक्षात, वद्य अष्टमीच्या सुमारास, तेवढा भाग काढायची शस्त्रक्रिया.

कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आजीने नवस बोलला आहे. पितरांच्या पंधरवड्यात डोक्याला सुरी नको, दसरा होऊ दे, असं तिचं म्हणणं. मुलीच्या गळ्यात तांब्याचा ताईत, पायात काळा दोरा, आत्याने दिलेली ओवा-कापराची पुरचुंडी. शेजारच्या काकू माहीमच्या चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना करतात, त्यांनी आशीर्वादाचं तेल डोक्याला लावायला दिलंय. श्रद्धा आमचीही आहे आणि शस्त्रक्रिया करायची हेही ठरलंय. कुणाला न दुखावता काय पाळता येईल आणि कुठे ठाम नाही म्हणायचं? महिनाभर थांबलं तर चालेल का? डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? खर्चासाठी कोणते कागद?

अपस्मार_समुपदेशन

दादा, आधी थांबण्याचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

डिस्प्लेजियाचा भाग महिन्याभरात वाढत नाही, तो काही ट्यूमर नाही. त्यामुळे "महिना थांबलं तर चालेल का" याचं उत्तर तुमचे डॉक्टर कदाचित हो म्हणूनही देतील. पण रोज पाच फिट धरल्या तर महिन्यात दीडशे होतात, त्याही झोपेत, जेव्हा घरातलं कुणी बघत नसतं. त्यातली एखादी अंगभर पसरली तर धोका जास्त. दुसरं म्हणजे अपस्माराच्या शस्त्रक्रियेला न्यूरोसर्जन, मुलांचा भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) ईईजी वाचणारा माणूस आणि आयसीयूचा बेड हे चार एकाच दिवशी जुळावे लागतात. ती तारीख सोडली की पुढची दसऱ्यानंतर लगेच मिळेल असं गृहीत धरू नका. तारीख बदलायची तर कारण डॉक्टरांना खरं सांगा. "मुलीला बरं नाही" असं खोटं सांगितलं तर ते ताप-खोकल्याच्या तपासण्या करत बसतील.

तारीख पुढे न्यायची खरी कारणं वेगळी आहेत: ताप, घट्ट कफ, वाजणारी छाती, रक्तात प्लेटलेट कमी, ऑक्सकार्बाझेपीनमुळे सोडियम खाली. भाद्रपदात मुंबईत डेंग्यूही असतो. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात मुलीला ताप आला तर आपण होऊन फोन करून कळवा.

आता शस्त्रक्रियाच का, हे आजीला सांगायला. नीट निवडलेली दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात, ही २०१० पासूनची आंतरराष्ट्रीय व्याख्या. ग्लासगोमध्ये ५२५ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या आधी औषध न घेतलेल्यांपैकी पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि तिसऱ्याने किंवा दोन औषधं मिळून जेमतेम ४ टक्के. चौथी गोळी देऊन बघू म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांचा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसरा औषधांवर प्रतीक्षा यादीत ठेवला. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, औषधांच्या गटात ७ टक्के. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी १९ मुलांना गंभीर त्रासही झाला, त्यात अर्ध्या अंगाची कमजोरी सगळ्यात जास्त. पण मेंदूचा अर्धा भाग अलग करण्याच्या शस्त्रक्रियाही त्यात होत्या, त्यात कमजोरी अपेक्षितच असते. तो आकडा तुमच्या मुलीला जसाच्या तसा लावू नका. तिचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. एमआरआय, ईईजी आणि झाला असेल तर पेट स्कॅन एकाच जागेकडे बोट दाखवतात का? डिस्प्लेजिया पूर्ण निघेल का? (यशाचा सगळ्यात मोठा भाग यावरच ठरतो. काठ मागे राहिला तर फिट परत येऊ शकतात.) ओटीत मेंदूच्या पृष्ठभागावरून ईईजी घेणार का? आधी आत बारीक इलेक्ट्रोड घालून तपासायची गरज आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही जागा हात हलवणाऱ्या पट्ट्यापासून आणि त्याच्या पुढच्या सप्लिमेंटरी मोटर भागापासून किती लांब आहे? हात वर उचलला जाणं, मान वळणं ही लक्षणं त्याच परिसरातली असू शकतात. सप्लिमेंटरी मोटर भागात काम झालं तर शुद्धीवर आल्यावर डावा हात-पाय जवळजवळ हलत नाही, मूल गप्प राहतं, आणि काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, ते परत येतं. हलवणारा पट्टाच दुखावला तर मात्र कमजोरी राहू शकते. या दोन्हीत फरक आहे आणि तो आधी समजून घेतलेला बरा. नाहीतर दुसऱ्या दिवशी हात हलत नाही हे पाहून घरात "पितृपक्षात केलं म्हणून झालं" सुरू होतं, आणि ते बोलणं त्या मुलीच्या कानावर पडतं.

ईईजी_खोली

व्हिडिओ ईईजीपुरतं लिहितो. घरच्यांनी काय केलं यावर या तपासणीचा निम्मा उपयोग ठरतो.

आदल्या दिवशी केस शांपूने धुवा, कंडिशनर नको. तेल अजिबात नको, खोबऱ्याचंही नाही आणि काकूंनी दिलेलं आशीर्वादाचंही नाही. डोक्याला वीसेक इलेक्ट्रोड पेस्टने किंवा कोलोडियन नावाच्या डिंकासारख्या द्रवाने चिकटवतात. तेलकट त्वचेवर ते सुटतात आणि नेमक्या फिटच्या वेळी रेषा खराब येते. काकूंना वाईट वाटू नये म्हणून तेलाचं बोट तळपायाला लावा.

फिट टिपायच्या म्हणून औषधं मुद्दाम कमी करतात. त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त, मोठ्या, लागोपाठ फिट येऊ शकतात. म्हणून हाताला सुई लावलेली असते आणि औषध तयार असतं. कमी करायचं वेळापत्रक डॉक्टरांचं. घरून निघण्याआधी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आणि "बिचारीला त्रास होतोय" म्हणून वॉर्डात गुपचूप देऊही नका. दुसरा प्रकार वाटतो त्याहून जास्त होतो, आणि चार दिवस वाया जातात.

फिट सुरू झाली की बटण दाबा, पांघरूण बाजूला करा, दिवा लावा, कॅमेरा आणि मुलगी यांच्या मध्ये उभे राहू नका. तिला मिठी मारावीशी वाटते, पण मिठीत हात-पाय दिसत नाहीत. नावाने हाक मारा, "डावा हात वर कर" म्हणा, एक शब्द सांगा, समजा "आंबा", आणि फिट संपल्यावर कोणता शब्द सांगितला होता ते विचारा. शुद्ध होती की नव्हती, हे त्यावरून कळतं. स्तोत्र म्हणायचं तर जरूर म्हणा, पण फिटच्या त्या मिनिटात मोठ्याने नको, मुलीचा आवाज टिपायचा असतो. घरी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ घेऊन या. सुरुवातीचे दोन सेकंद असलेला व्हिडिओ सगळ्यात मोलाचा.

तोंडात चमचा, नाकाला कांदा किंवा चप्पल, असं काही नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा.

गणपतीचे दिवस आहेत हे लक्षात ठेवा. लालबाग-परळचे रस्ते दर्शनाच्या गर्दीने भरलेले असतात आणि विसर्जनाच्या दिवशी गाडी पुढे सरकत नाही. दाखल व्हायचं असेल त्या दिवशी भांडुपहून लोकलने परळला उतरणं टॅक्सीपेक्षा भरवशाचं, पण डब्यात मुलीला दारापासून लांब, आत बसवा. आणि वेळेच्या दोन तास आधी निघा.

पौरोहित्य_दादर

बाबा, आजींना हे वाचून दाखवा.

पितृपक्षात वर्ज्य आहेत ती मंगलकार्यं: लग्न, मुंज, वास्तुशांत, नवी खरेदी. रुग्णाचा उपचार त्यात येत नाही. उपचाराला काळ लागत नाही, रोगाची वेळ हीच उपचाराची वेळ. घरात कुणाचं श्राद्ध अष्टमीलाच येत असेल तर ते भाऊबंदांपैकी कुणाकडून करवा किंवा सर्वपित्री अमावास्येला करा, ती सोय आहेच. मन अगदीच मानत नसेल आणि रुग्णालयाने आपण होऊन दोन तारखा पुढे केल्या असतील तर पंचांग बघून त्यातली एक निवडा. एकच तारीख असेल तर पंचांग उघडू नका. मधेच सुतक-सोयर आलं तर पूजा थांबते, औषध आणि शस्त्रक्रिया थांबत नाही.

उपवास. आठ वर्षांच्या आतलं मूल, ऐंशीच्या पुढचे आणि आजारी यांना एकादशीतूनही सूट आहे. मुलीला कोणताही उपवास घालू नका, गोळी पोटात असताना तर नाहीच. मोठ्यांनी करायचा तर करा, पण औषध घेतल्याने व्रत मोडत नाही असं व्रताच्या नियमांतच आहे. आजींना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर ती चुकवून केलेला उपवास नातीच्या उपयोगाचा नाही. ओटीबाहेर चक्कर येऊन पडलेल्या आजींना सांभाळायला तेव्हा घरात माणूस नसतो.

नवस. बोललेला नवस मोडत नाही, लांबवता येतो. त्यात मुलीने स्वतः काय करायचं हे बोललेलं असेल, उदाहरणार्थ जेजुरीच्या पायऱ्या चढणं किंवा लोटांगण, तर "वैद्य सांगेल तेव्हा" एवढी भर देवापुढे घाला. जावळासारखं डोक्याचे केस देण्याचं बोललं असेल तर तेही लांबवा, ताज्या टाक्यांच्या आसपास वस्तरा फिरवायचा नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळेत आजींना काम द्या. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, रामरक्षा, जे पाठ असेल ते, घरी देवापुढे बसून. वेळ जातो आणि फोनवर दर पाच मिनिटांनी "झालं का" विचारणं थांबतं.

तीर्थ-अंगाऱ्याचं रुग्णालयातलं बंधन सिस्टर सांगतील. माझ्याकडून एकच: तीर्थात कापूर घालू नका. खायचा म्हणून मिळतो तोही नको.

निवृत्त_सिस्टर_न्यूरो

गुरुजींनी कापराचं काढलं ते बरं झालं, कारण ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. कापूर पोटात गेला तर स्वतःच फिट आणतो. लहान मुलांत थोड्या प्रमाणातही विषबाधा होते. आत्याने दिलेली पुरचुंडी मुलगी रात्री तोंडात घालू शकते, ती आजच काढा. छातीला चोळायच्या कापराच्या आणि निलगिरीच्या तेलांचंही तेच, फिट येणाऱ्या मुलाला ती नकोत. आरतीला देव्हाऱ्यात कापूर जाळायला हरकत नाही, मुलीला धुरावर वाकवू नका आणि डबी वर ठेवा.

त्याच ओघात: कुणी "फिटची पुडी" आणून दिली असेल आणि मुलीला दिली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. अशा काही पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलं आहे. ते माहीत नसताना अचानक बंद झालं तर न थांबणाऱ्या फिट येतात. इथे लाजून चालत नाही, रागावलं कुणी तरी ऐकून घ्या.

आता ताईत आणि दोरा. एमआरआयच्या खोलीत धातू जात नाही, तांब्याच्या ताइताच्या आत काय भरलंय तेही माहीत नसतं. ओटीत रक्त थांबवायला विजेचं कॉटरी वापरतात, अंगावर धातू असेल तर तिथे भाजू शकतं. म्हणून ताईत, पैंजण, बांगड्या, कानातलं सगळं घरीच काढा. कानातलं घट्ट बसलेलं असेल तर आदल्या आठवड्यात सोनाराकडून काढून घ्या, ओटीच्या दारात पक्कड शोधायची वेळ येते. काळा दोराही निघतो, कारण पायाच्या शिरेत सुई लावली की सूज येऊन दोरा रुततो. ताईत आणि दोरा आईने स्वतःच्या मनगटावर बांधावा, हे बहुतेक आज्यांना पटतं. नखांचं पॉलिश काढा, मेंदी लावू नका, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो.

देवाचा फोटो चालतो, पण लॅमिनेट केलेला, स्पिरिटने पुसता येईल असा. उशाशी नाही, पायाकडच्या कपाटावर. उदबत्ती, निरांजन, धूप अजिबात नाही, तिथे ऑक्सिजन चालू असतो. फुलं आयसीयूत नकोत. अंगारा सकाळी घरी कपाळाला लावून, मग तोंड धुऊन निघा. टाक्यांना अंगारा, भंडारा, हळद, तेल काहीही लागता कामा नये. भंडारा कितीही पवित्र असला तरी ती पूड आहे, ओल्या जखमेवर बसली की जंतू आत जातात आणि कवटीचा तुकडा पुन्हा काढायची वेळ येऊ शकते.

उपाशी राहण्याचं नीट समजून घ्या, कारण इथे "एक घोट प्रसाद" म्हणून तारीख जाते. भूल देण्याआधी ६ तास अन्न आणि दूध बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. सकाळी आठची वेळ असेल तर रात्री दोननंतर अन्न-दूध काही नाही, सहापर्यंत फक्त पाणी. साध्या पाण्याचं पळीभर तीर्थ सहाच्या आत चालतं. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर: ते अन्नात धरायचं. पेढ्याचा कण, शिऱ्याचा घास, साबुदाणा, सगळं अन्नच. पोटात काही असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाते. फिटची सकाळची गोळी मात्र चुकवायची नाही, घोटभर पाण्याबरोबर द्यायची. कोणती द्यायची ते आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

केस: पूर्ण डोकं भादरतातच असं नाही, बऱ्याच ठिकाणी कापायच्या रेषेपुरता पट्टा काढतात. रेष केसांच्या आत असते, केस वाढले की झाकते. नातेवाईक "मुलीच्या जातीला व्रण" म्हणतील, तेव्हा एवढं सांगायला पुरे.

शस्त्रक्रियेला भूल धरून सहा-सात तास लागू शकतात. मेंदूवरून ईईजी घेत असतील तर आणखी. वेळ लांबली म्हणजे काही बिघडलं असं समजू नका. ओटीबाहेर दोन माणसं पुरेत, आणि निरोप घ्यायला फोन एकाचाच द्या. बाकीच्यांना तो कळवेल.

नंतरचे दिवस. आयसीयूत साधारण एक-दोन रात्री. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजवा डोळा सुजून बंद होतो, काळानिळा दिसतो. घाबरायला होतं, पण कपाळाची सूज खाली उतरते एवढंच ते आहे, चार-पाच दिवसांत कमी होतं. डोकेदुखी, एक-दोन उलट्या, थोडा ताप, स्टेरॉइडमुळे खा-खा आणि चिडचिड, हे अपेक्षित. पहिल्या आठवड्यात एखादी फिट आली तर शस्त्रक्रिया फसली असा अर्थ लावू नका, मेंदू सुजलेला असतो. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात.

घरी नेल्यावर परत आणायचं ते यासाठी: १०१ च्या वर ताप, टाक्यांतून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, थांबत नाहीत अशा उलट्या, मूल जागं होत नाही, मान ताठ, किंवा हात-पाय आधी हलत होता तो हलेनासा झाला. रात्री दोन वाजता झालं तरी सकाळची वाट बघायची नाही.

आणि शस्त्रक्रियेपर्यंत घरात नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा हवाच. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली की द्यायचा. सर्वसाधारण हिशेब किलोला ०.२ मिलिग्रॅम. २१ किलोला सुमारे ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम देणाऱ्या बाटलीचे आठ फवारे, दोन नाकपुड्यांत चार-चार. बाजारात १.२५ चीही बाटली येते, तिचे तीनच होतात. म्हणून बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना दाखवून किती फवारे ते त्यांच्याकडून चिठ्ठीवर घ्या आणि चिठ्ठी बाटलीला चिकटवा. नवी बाटली आधी हवेत काही वेळा दाबून फवारा सुरू झाल्याची खात्री करा, पहिले दाब रिकामे जातात.

कागदपत्र_ताई

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असेल तर आत शिरताच आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे विचारायचा प्रश्न असा: "ही शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, आणि इम्प्लांट, ओटीतला ईईजी त्यात धरलाय का?" मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी लागते. अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: मुलीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं नसतं, किंवा आधार आणि जन्मदाखल्यावर स्पेलिंग वेगळं असतं. आज दोन्ही समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. दुरुस्तीला आठवडे जातात, आणि तुमच्याकडे तेवढाच वेळ आहे.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. नाही म्हणाले तर लेखी मागा. वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. अर्ज आधी करा, बिल भरून झाल्यावर जाऊ नका. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचा न्यासही उपचारासाठी मदत करतो, आजींना दर्शनाला घेऊन जाल तेव्हा न्यासाच्या कार्यालयात अर्जाची चौकशी करून या. मंगळवार सोडून जा. गावाहून कुणी येणार असेल तर परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, रुग्णालयाचं पत्र घेऊन विचारा.

रक्त लागू शकतं. मामा, काका, मित्र ज्यांना "आम्ही काय करू" असं वाटतंय त्यांना रक्तपेढीत पाठवा. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५. उपवासाच्या दिवशी रक्त द्यायला येऊ नका. नवस म्हणून उपाशी पोटी आलेल्या माणसाला परत पाठवतात.

भांडुपचे_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी ऐकून घेतेय. पुरचुंडी काढली. दोन गोष्टी राहिल्या. मुलीला काय आणि कधी सांगायचं? आणि आजी विचारते, जेजुरीला कधी न्यायचं?

अपस्मार_समुपदेशन

सात वर्षांच्या मुलीला साधारण आठवडाभर आधी. महिना आधी सांगितलं तर रोज रात्री घाबरते, आदल्या दिवशी सांगितलं तर विश्वास जातो. शब्द साधे ठेवा: "तुझ्या डोक्यातला एक छोटा भाग रात्री उगाच करंट मारतो, म्हणून हात ताठ होतो. डॉक्टर तुला झोपेचं औषध देऊन तो भाग काढणार. तुला कळणार नाही. उठशील तेव्हा डोक्याला पट्टी असेल, डोळा सुजलेला असेल, आणि आई शेजारी असेल." बाहुलीच्या डोक्याला पट्टी बांधून दाखवा, बाहुलीच्या हाताला सलाईन लावू द्या.

"देव तुला झोपवणार आहे" असं म्हणू नका, मूल त्याचा वेगळाच अर्थ घेतं. "बाप्पा रागावला म्हणून फिट येतात" हे तर घरात कुणीच, गमतीतसुद्धा, म्हणायचं नाही. बाप्पा तिच्याबरोबर आहे, डॉक्टरांबरोबर आहे, एवढं तिला पुरतं.

फिट थांबल्या तरी गोळ्या थांबत नाहीत, हे आजींना आत्ताच सांगून ठेवा. बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं चालू राहतात, मग डॉक्टर एकेक कमी करतात. "देवाने बरं केलं, आता गोळी कशाला" म्हणून मधेच सोडल्या की थांबलेली फिट परत येते. शाळा चार ते सहा आठवड्यांनी, आधी अर्धा दिवस. ढकलाढकलीचे खेळ तीनेक महिने नाहीत.

पौरोहित्य_दादर

अष्टमीला शस्त्रक्रिया झाली तर मार्गशीर्षातली चंपाषष्ठी सुमारे अडीच महिन्यांवर येते. त्या दिवशी जेजुरीला जाऊ नका, गर्दी आणि उधळलेला भंडारा दोन्ही मुलीला नकोत. घरीच तळी भरा: ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, नैवेद्याला भरीत-रोडगा. पाचजणांनी "सदानंदाचा येळकोट" म्हणत तळी उचलावी, मुलीने बाजूला बसून बघावं. तिच्या कपाळाला भंडाऱ्याचं एक बोट, केसांच्या रेषेपासून लांब. जेजुरीला जाणं डॉक्टरांनी टाके, एमआरआय सगळं बघून हो म्हटल्यावर, साध्या दिवशी, सकाळी लवकर. सोमवती अमावास्या आणि रविवार सोडून. पायऱ्यांवर तिला बाबांनी कडेवर घ्यावं, गोळ्यांची डबी आणि फवारा आईच्या पिशवीत.